गच्चीचं पाणी जोत्यात मुरतंय आणि गटार अंगणापेक्षा उंच: पाईप काढायचा कुठून?

शामरावनगर_पूर्वमुखी

मंडळी, सांगलीत शामरावनगर भागात तळमजला आणि वर एक मजला असं विटांचं, लोडबेअरिंग (भिंतींवरच भार असलेलं) घर आहे. जोतं अंगणापासून दोन फूट. जमीन काळी, सात फूट खणलं तरी काळीच लागते.

गच्ची ११०० चौरस फूट. पाणी उतरवायला तीन पाईप: मागं एक चार इंची, दोन्ही बाजूंना एकेक तीन इंची. तिन्ही जमिनीपासून वीतभर वर संपतात आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा आहे. ईशान्य कोपऱ्यातली फरशी खचून भिंतीकडं कलली आहे. त्या कोपऱ्याच्या खोलीत आतून अडीच फुटांपर्यंत ओल, रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातनं एक तिरकी भेग जोत्याकडं जाते. उन्हाळ्यात ती फाकते, पावसाळ्यात जवळपास मिटते.

अडचण अशी की रस्त्यावर थरावर थर चढून तो उंच झालाय. गटाराचा वरचा काठ अंगणापेक्षा १५ इंच वर आहे, तळ अंगणापेक्षा फक्त ३ इंच खाली. ईशान्य कोपऱ्यापासून कंपाउंडच्या कडेनं गटार ३८ फूट. मधे ५ फुटांचं साइड मार्जिन (घर आणि कंपाउंडमधली मोकळी जागा), कंपाउंड ५ फूट उंच.

गवंडी म्हणतो शोषखड्डा मारा. प्लंबर म्हणतो जमिनीतनं पाईप टाकून गटाराला जोडू. मृग लागायच्या आत उरकायचंय. काय करावं?

---

मुरूमवाला_सातारा

शोषखड्डा चालेल की नाही हे गवंड्याला नको, जमिनीला विचारा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, संध्याकाळी भरून ठेवा म्हणजे आजूबाजूची माती पाणी पिऊन घेईल. सकाळी परत सहा इंच पाणी घाला आणि पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्ड्याचा विचार करा. तासाच्या वर गेली तर विषय सोडा.

मे महिन्यात काळ्या रानात ही चाचणी करताना फसायला होतं. जमिनीला भेगा असतात, पहिलं पाणी भसाभस गायब होतं आणि गवंडी खूश होतो. म्हणूनच रात्रभर भिजवायचं. भिजली की काळी माती फुगून भेगा बुजवते आणि मग पाणी तसंच्या तसं उभं राहतं.

आणि हिशेबही घाला. ११०० चौरस फुटांवर ५० मिमी पाऊस पडला तर पाच हजार लिटरच्या वर पाणी येतं. चार फूट व्यासाचा, सहा फूट खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला तर त्यात पाण्याला जागा उरते जेमतेम साडेआठशे लिटर. आमच्याकडं डोंगरउताराला मुरूम वरच लागतो, खड्डा भरता भरता रिकामा होत असतो, म्हणून तो आकार पुरतो. तुमच्याकडं दहा-पंधरा मिनिटांत भरेल आणि उरलेलं पाणी परत जोत्याकडं.

---

ओळंबा

वरच्याशी सहमत, शोषखड्डा नको. पण प्लंबरचा बेतही चालणार नाही. का ते आकड्यांत बघा.

चार इंची पाईपला १०० फुटांत निदान एक फूट ढाळ हवा. ३८ फुटांत साडेचार इंच झाला. पाईपची स्वतःची जाडी सव्वाचार इंच, वर मातीचं थोडं तरी पांघरूण. म्हणजे पाईप गटाराच्या तळाच्याही खाली जातो. ढाळ मारून कसाबसा बसवलाच, तरी जोराच्या पावसात गटार काठोकाठ भरलेलं असतं आणि तो काठ तुमच्या अंगणाच्या १५ इंच वर आहे. गटाराचं पाणी त्याच पाईपनं अंगणात येणार. शिवाय काळ्या मातीतला पाईप दरवर्षी वर-खाली होतो. दोन-तीन वर्षांत कुठला तरी सांधा सुटतो, आणि तो नेमका पायाजवळचा असतो, कारण उभा आणि आडवा पाईप तिथं भेटतात.

गच्चीवर तुमच्या पाण्याला वीस-बावीस फुटांची उंची फुकट मिळालीय. पाईप जमिनीपर्यंत आणला की ती सगळी संपली. तेव्हा पाणी खाली आणूच नका, वरच्या वर बाहेर न्या.

ईशान्य कोपऱ्यातला उभा पाईप जमिनीपासून साडेआठ फुटांवर कापा. तिथं ४५ अंशाचे दोन बेंड लावून पाईप आडवा करा आणि मार्जिनवरनं, डोक्याच्या वर, कंपाउंडपर्यंत न्या. एकच ९० अंशाचा एल्बो घालू नका, पानं आणि गाळ तिथंच बसतो. पाच फुटांच्या टप्प्याखाली २५ बाय २५ बाय ३ मिमीचा लोखंडी अँगल द्या. भरलेला चार इंची पाईप मीटरला दहा किलोच्या आसपास भरतो, नुसत्या क्लॅम्पवर लोंबायला लागतो.

कंपाउंडपाशी परत खाली उतरवा, पण साडेतीन फुटांवर थांबा. तिथनं कंपाउंडच्या आतल्या अंगानं ३८ फूट, ८० ला १ ढाळ, म्हणजे सहा इंच धरा. सुरुवात ४२ इंचांवर, शेवट ३६ इंचांवर. पाण्याची लेव्हल नळी लावून दोन्ही टोकांना खूण करा आणि दोरी ताणा. कंपाउंडचा वरचा काठ धरून मापू नका, काळ्या जमिनीवरचं कंपाउंड सरळ असेलच असं नाही. क्लॅम्प दर साडेतीन फुटांवर. शेवटाला पुन्हा ४५ चे दोन बेंड घालून खाली घ्या आणि गटाराच्या भिंतीतनं पाईपचा तळ अंगणापासून ९ इंचांवर येईल असा बाहेर काढा. म्हणजे तो गटाराच्या काठाच्या ६ इंच खाली आणि तळाच्या फूटभर वर राहील. गटाराची भिंत फोडण्याआधी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा. भुयारी गटाराच्या किंवा संडासाच्या चेंबरला मात्र पावसाचं पाणी चुकूनही जोडू नका. जोराच्या पावसात ते चेंबर उलटं वाहतं आणि घाण तळमजल्याच्या नहाणीतनं वर येते.

पाईप कुठला: पावसाच्या पाण्याला एसडब्ल्यूआरचा (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाईप) ए टाईप चालतो, मैल्याला बी टाईप. पण गटार तुंबलं की तुमच्या आडव्या पाईपमध्ये पाणी चढून उभं राहणार. तेव्हा आडव्या भागाला शेतीचा ११० मिमी, ४ केजीचा (म्हणजे तेवढा दाब सोसणारा) पीव्हीसी घ्या. दोन्हीचा बाहेरचा व्यास ११० मिमीच असल्यानं एसडब्ल्यूआरचे बेंड त्यावर बसतात. २० फुटी दोन लांब्यांत कंपाउंडचा भाग होतो, मार्जिन आणि उतरणीला तिसरी. बेंड ४५ चे आठ, झाकणाचे टी दोन: एक कंपाउंडवरची आडवी ओळ सुरू होते तिथं, दुसरा गटाराकडं उतरण्याआधी.

सोल्युशन लावताना पाईप काटकोनात कापून कड कानशीनं घासा, दोन्हीकडं पातळ थर द्या, पाव फेरा फिरवत आत ढकला, अर्धा मिनिट दाबून धरा. २४ तास पाणी सोडू नका. उन्हात १२ मीटर पाईप थंडी ते उन्हाळा एवढ्या फरकात जवळपास इंचभर लांब-आखूड होतो. म्हणून दोन ठिकाणी सोल्युशनऐवजी रबर रिंगचा सॉकेट ठेवा, आणि पाईप पूर्ण आत घालून १२ मिमी मागं ओढा.

मागचा चार इंची याच ओळीला जोडता येईल, तो वाय जोडानं, साध्या टीनं नाही. ८० ला १ ढाळावर चार इंची पाईप भरून वाहिला तर सेकंदाला साधारण ८ लिटर नेतो, आणि तासाला १०० मिमीच्या पावसात तुमच्या सगळ्या गच्चीचं पाणी ३ लिटरच्या आत आहे. पण तिसरा पाईप पलीकडच्या कंपाउंडवरनं वेगळाच न्या. एक ओळ चोकअप झाली तर दुसरी चालू राहते.

---

गच्चीकोबा

खालचं ओळंबा यांनी नीट सांगितलंय. वरच्या तोंडांकडं मात्र कुणी बघितलं नाही.

सांगलीचा वर्षाचा पाऊस साताऱ्यापेक्षा कमी, म्हणून इथं पाईप बारीक घालायची खोड आहे. वर्षाचा आकडा इथं कामाचा नाही, वळवाचा अर्धा तास बघा. तासाला १०० मिमीच्या जोराचा पाऊस धरला तर चार इंची एका तोंडाला साधारण ४५० चौरस फूट गच्ची झेपते, तीन इंचीला २२०. तुमची बेरीज झाली ८९० आणि गच्ची ११००. म्हणजे जोराच्या सरीत पाणी गच्चीवर साचणारच. चार इंच साचलं तर दर चौरस मीटरला १०० किलो बोजा, आणि पॅरापेटच्या बुडातनं पाझर तो वेगळा.

दोन्ही तीन इंची तोंडं चार इंची करायला स्लॅब फोडावा लागेल. यंदा घाई असेल तर नका करू. त्याऐवजी पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला), कोब्याच्या (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराच्या) पातळीच्या दोन इंच वर, तीन इंची पाईपचे दोन आडवे तुकडे टाका, बाहेर निदान ९ इंच पुढं आलेले. त्यातनं पाणी पडायला लागलं की खालची जाळी तुंबली हे रस्त्यावरनंच कळतं.

जाळी घुमटाच्या आकाराची घ्या. सपाट जाळीवर अशोकाची चार पानं बसली की तोंड बंद. तोंडाभोवती दीड फुटाच्या चौकोनात कोबा एक इंच खोलगट हवा. पाईप आणि स्लॅब यांच्यामधली फट नुसत्या सिमेंटनं भरली की आकसून केसाएवढी चीर राहते आणि पाणी पाईपच्या बाहेरच्या अंगानं भिंतीत उतरतं. तिथं न आकसणारं ग्राउट भरा, वर वॉटरप्रूफिंगचा थर पाईपच्या आत दोन इंचांपर्यंत वळवून घ्या.

---

शामरावनगर_पूर्वमुखी

सगळ्यांचे आभार. दोन शंका. ओल पाईपच्या पाण्याचीच आहे की जमिनीतनं चढतेय हे ओळखायचं कसं? आणि भेगेचं काय? रंगारी म्हणतोय पुट्टी मारून आत्ताच बुजवू. गवंड्याचं आणखी एक म्हणणं: भिंतीलगत दोन फुटी चर खणून वाळू-खडी भरली की पाणी खाली निघून जाईल.

---

काळवट_जमीन

चर आधी रद्द करा. काळ्या मातीत खणलेल्या चराला बाहेर जायची वाट नसेल तर ती परात होते: पाणी खडीत जमतं, कडेची माती ते घेत नाही आणि पायाशेजारी महिनाभर उभं राहतं. खडीचा चर मुरमाड उतारावर चालतो, तोही खालच्या टोकाला तोंड मोकळं असेल तर.

ओल ओळखायला: मे महिन्यात भिंत वाळलेली असताना कोपऱ्यावरच्या गच्चीच्या तोंडात सलग वीस बादल्या पाणी सोडा. खाली पाईपच्या तोंडाशी एकजण, पाईपच्या प्रत्येक सांध्यावर नजर. दोन-तीन दिवसांत त्याच खोलीत ओल वाढली तर कारण पाईप. सगळ्या घराला, आतल्या भिंतींनाही, सारख्या उंचीवर ओलीची रेघ असेल तर ती जमिनीतनं चढणारी, म्हणजे डीपीसी (जोत्यावरचा ओल अडवणारा थर) गेलेली किंवा घातलेलीच नाही. तुमची एकाच कोपऱ्यात असल्यानं पाईपवर संशय जास्त. आणखी एक: भिंतीवर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद करा, दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला घाम असेल तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती दमट हवा.

भेग उन्हाळ्यात फाकते आणि पावसाळ्यात मिटते याचा अर्थ पाया जमिनीबरोबर हलतोय. कोपऱ्याला पाणी जास्त मिळालं की तिथली माती जास्त फुगते, वाळली की जास्त आकसते. बाकीचं घर तेवढं हलत नाही, म्हणून भेग तिरकी. मे महिन्यात ती पूर्ण फाकलेली असताना सिमेंट किंवा पुट्टी कोंबली तर पावसाळ्यात मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. यंदा फक्त पाईप आणि बाहेरचा उतार करा. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलनं खुणा करून दर महिन्याच्या एक तारखेला अंतर लिहून ठेवा. एक पूर्ण वर्ष गेल्यावर हालचाल कमी झालेली दिसली तर लवचिक सीलंट भरा, वर जाळी लावून प्लास्टर. भेग पाच मिमीच्या वर असेल, किंवा दारं-खिडक्या अडकत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीही बुजवू नका.

घराभोवती तीन फूट रुंदीची प्लिंथ प्रोटेक्शनची पट्टी करा. काळी माती सव्वा फूट काढा, पायाच्या तळाखाली जाऊ नका. थोडा चिकट अंश असलेला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसानं ठोकून भरा. स्वच्छ खडी नको, परत तेच पाणी साठायचं. वर तीन इंच काँक्रीट, १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी), भिंतीकडनं बाहेर तीन फुटांत सव्वा इंच उतार. भिंत आणि काँक्रीट यांच्यात १२ मिमी फट ठेवून ती बिट्युमेन सीलंटनं भरा, आणि दर पाच फुटांवर सांधा. हे काँक्रीट भिंतीला चिकटवून घातलं की पहिल्याच पावसाळ्यात उचलून चिरतं, मग पाणी नेमकं त्या चिरेतनं आत. मुरूम टाकून अंगण वर घ्यायचं असेल तर घ्या, पण डीपीसीच्या खाली निदान ६ इंच जोतं उघडं राहिलं पाहिजे.

आतलं प्लास्टर: ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका आणि पावसाळा संपेपर्यंत विटा उघड्या ठेवा. दिसायला वाईट, पण इलाज नाही. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्यानं धुतला की परत विटेत जातो. सांगली जिल्ह्यात मिरज, पलूस, वाळवा भागात जमीन क्षारपड झालेली आहेच, बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी खारट. नवं प्लास्टर कालवायला आणि क्युरिंगला ते वापरू नका, नळाचं घ्या. ऑइल पेंट तर अजिबात नको, भिंतीतली वाफ अडून पोपडे आणखी मोठे येतात.

---

शामरावनगर_पूर्वमुखी

चर रद्द, पुट्टीही रद्द. शेवटचं विचारतो. नदी चढली की आमच्या भागात गटारं उलटी वाहतात. मग वरनं नेलेल्या पाईपला नॉन रिटर्न (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावायचा का? आणि उन्हानं पाईप तडकतो म्हणतात, ते?

---

ओळंबा

उन्हाचं आधी. उघड्यावरचा पीव्हीसी चार-पाच उन्हाळ्यांनी ठिसूळ होतो, चेंडू लागला तरी फुटतो. बारीक पॉलिश पेपरनं घासून बाहेरच्या रंगाचे दोन हात द्या, शक्यतो पांढरा किंवा फिका. त्यानं पाईप कमी तापतो, लांबी-आखूडपणाही कमी होतो. क्लॅम्प करकचून आवळू नका, पाईप सरकायला हवा.

नॉन रिटर्नचं: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ सारखी ती ५७ फुटांच्या वर गेली तर व्हॉल्व्ह असून नसून सारखंच. पण त्याच्या बऱ्याच आधी नाले फुगून गटारं मागं सरकतात, तेव्हा उपयोग होतो. तुमच्या बेतात पाईप ३६ इंचांवरनं खाली उतरतो, त्यामुळं गटार काठाच्या वर फूटभर तुंबलं तरी पाणी मागं अंगणात येणार नाही, उतरत्या तुकड्यातच उभं राहील. व्हॉल्व्ह नसला तरी चालतं. लावायचा तो एवढ्यासाठी की गाळ, घुशी आणि उंदीर वर चढू नयेत.

लावलात तर ११० मिमीचा फ्लॅपचा घ्या, स्प्रिंगचा नको. स्प्रिंगला उघडायला जोर लागतो आणि बारीक पावसात तो उघडतच नाही. फ्लॅपची बिजागरी वरच्या बाजूला, झडप गटाराकडं उघडणारी. बसवताना अर्धा बादली पाणी वरच्या टीमधनं सोडून झडप हलतेय का बघा. गटार भरलेलं असेल तेव्हा झडप उघडायला आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा थोडी वर चढावी लागते. म्हणूनच उतरणीच्या वाटेत उघडं चेंबर किंवा जाळीचं तोंड कुठंही ठेवू नका, चढलेलं पाणी तिथनंच अंगणात सांडेल. काम झालं की गटाराकडचं तोंड एंड कॅपनं बंद करून मार्जिनवरच्या आडव्या पाईपपर्यंत पाणी भरा, अर्धा तास थांबा, प्रत्येक सांध्याखालनं कोरडा हात फिरवा. मगच रंग.

---

गच्चीकोबा

फ्लॅपपर्यंत हात पोचेल असा तो गटाराच्या भिंतीत न गाडता बाहेर दोन इंच काढा. मे अखेरीस आणि गणपतीच्या आधी असं दोनदा झडप उचलून खालचा गाळ काढावा लागतो. भिंतीत गाडलेली झडप पुढं कुणी बघत नाही, आणि उघडी अडकली तर कळतही नाही.